साबुदाणा बेटाची बोट

"शुक्रवारी आम्ही काय खडकावर बसून शेवाळ निवडायचं का," मेधा ओरडत होती. तिचा आवाज असा काही लागला होता की कतारमधल्या मेसईदच्या आमच्या कंपनी-वसाहतीतले झाडून सगळे एसी क्षणभर थांबून ऐकायला लागले. शेजारच्या मल्याळी काकूंनी पडदा सारला. समोरच्या कुंपणावरचं मांजर उतरलं आणि तडक बंदराच्या दिशेने चालू लागलं. ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. मी वाढवून सांगत असेन तर त्या मांजराला विचारा.

"शुक्रवार मी विचार करून मोकळा ठेवलाय," मी म्हणालो. "शुक्रवारी दुपारपर्यंत कुठे काय उघडं असतं? नमाज होऊ दे, लोकांची जेवणं होऊ देत, मग चारच्या पुढे बघू."

"अहो, कुठे? स्कॉटलंडात?"

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. एका कोपऱ्यावर भाजणीचा डबा, दुसऱ्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी, तिसऱ्यावर माझं कोपर. चौथा कोपरा एसीच्या वाऱ्याने फडफडत होता. आमची लेक जुई सोफ्यावर आडवी पडून फोन बघत होती. तिने मान वर न करता निकाल दिला.

"बाबा, इट्स स्कॉटलंड. नॉट अल वकरा."

मग दोघी हसायला लागल्या. एसीसुद्धा पुन्हा सुरू झाले, तेही जरा हसतच.

हे आज आठवायचं कारण म्हणजे खिडकीची काच. सकाळी उठलो तर काच बाहेरून घामेजलेली. थंडीच्या गावात काच आतून धुरकटते म्हणतात. आमच्याकडे ऑगस्ट उतरणीला लागला की हवेचंच पाणी होतं आणि ते बाहेरून घराला चिकटतं. दार उघडून पाऊल टाकलं की चष्मा पांढराफटक. मग माणूस हात पुढे करून, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा गाडी शोधतो. एकदा असाच मी चाचपडत शेजाऱ्याच्या गाडीत बसून ऑफिसला पोचलो होतो, आणि शेजारी माझ्या. संध्याकाळी येऊन आम्ही गाड्या बदलल्या, वर एकमेकांच्या एसीचं कौतुकही केलं. समुद्राचं तर विचारू नका. वाळूच्या टेकड्या संपतात तिथे पाण्यात पाय बुडवावा तर चहात बिस्कीट बुडवल्यासारखं वाटतं. पाय विरघळायच्या आत काढून घ्यावा लागतो.

असा हा मोसम परत आला की मला एक वास येतो. भिजलेल्या दोराचा, मिठाचा, बोटीच्या इंजिनातल्या तेलाचा आणि त्यावरून येणाऱ्या बर्फगार वाऱ्याचा. गंमत अशी की हा वास मी कधी घेतलेला नाही. ज्या बोटींचा तो आहे त्या बोटींवर माझं पाऊल पडलेलं नाही. पण दोन वर्षांपूर्वीचा अख्खा उन्हाळा मी त्या वासातच काढला आहे, मेसईदमध्ये, जेवणाच्या टेबलाशी, लोणच्याच्या बरणीच्या बाजूला. माणसाला न झालेल्या गोष्टींचीसुद्धा आठवण येते, आणि झालेल्यांपेक्षा जास्त चिवट येते. झालेली गोष्ट एकदा होऊन जाते. न झालेली दरवर्षी ऑगस्टात येऊन काचेला चिकटते.

बेत साधा होता. जुईला स्कॉटलंडमधल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. सप्टेंबरात तिला हॉस्टेलवर सोडायचं होतं. त्याआधी, ऑगस्टच्या सुरुवातीला, आम्ही तिघांनी त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्याने बोटीबोटीने उत्तरेला चढत जायचं. एका बंदरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून बेटावर, बेटावरून पुढच्या बेटावर, हातात पिशव्या, पायात ओले बूट. टूर कंपनी नाही, गाईड नाही, गळ्यात ओळखपत्र लटकवून झेंड्यामागे चालणं नाही. वसाहतीतली अर्धी मंडळी युरोप करून आली होती. त्यांच्या युरोपात सकाळी पोहे, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी बसमध्ये भेंड्या, आणि मधूनमधून खिडकीबाहेर काहीतरी हिरवं. मला ते नको होतं. आपली वाट आपण आखायची.

आता खरं सांगायचं तर ही हौस बोटींची नव्हती. जुई अठराची झाली होती. यापुढे ती आमच्याकडे येणार ती सुट्टीपुरती, पाहुणी म्हणून. फ्रिज उघडायच्या आधी विचारणार, टॉवेल कुठला घेऊ म्हणणार. तिघंच्या तिघं, एका बाकावर, शेजारी शेजारी बसून कुठेतरी चाललोय, असं आता पुन्हा घडेल न घडेल. विमानात तो प्रकार होत नाही, प्रत्येकाच्या तोंडासमोर वेगळा पडदा असतो. गाडीत ती मागे झोपते. बोटीत मात्र माणसाला काही करता येत नाही. बसावं लागतं आणि एकाच दिशेला बघावं लागतं. मी हे मेधाला कधी बोललो नाही आणि मेधा मला. पण नकाशावर बोट ठेवताना दोघांचंही बोट जरा जास्त वेळ रेंगाळायचं.

आणि आखणी म्हणाल तर माझा धंदाच तो. खताच्या कारखान्यात मी प्लॅनिंगचा माणूस. शटडाऊन, म्हणजे कारखाना पूर्ण थांबवून आतली दुरुस्ती, त्याचं वेळापत्रक मी बसवतो. कोणता नट कोणत्या नटाच्या आधी फिरवायचा हे माझ्या चार्टवर लिहिलेलं असतं. माझा चार्ट भिंतीवर लावला तर त्याचं एक टोक मेसईदला आणि दुसरं दोह्यात निघतं. असा माणूस तीन जणांची सहल आखू शकणार नाही?

आखली. तिथल्या गावांची नावं अशी होती की उच्चारताना जिभेला गाठ बसावी. मेधाने एक नाव मोठ्याने वाचलं आणि तिला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. मग आम्ही घरगुती नावं ठेवली. जिथून निघायचं ते बंदर म्हणजे 'स्टँड'. पुढचं गाव नकाशावर वांग्यासारखं दिसायचं, ते 'वांगेवाडी'. समुद्रात उभे तीन सुळके, ते 'तीन भाऊ'. आणि सगळ्यात वर, नकाशाच्या अगदी कडेला, कुणीतरी ताटलीतून सांडल्यासारखे पांढरे ठिपके होते, ते 'साबुदाणा बेट'. तिथून मुख्य भूमीवर यायला कामाच्या दिवशी सकाळी एकच बोट. सुट्टीच्या दिवशी नाहीच. ती बोट पकडली की पुढे रेल्वे, रेल्वे पकडली की जुईचं कॉलेज, तेही आधी एकदा बघून घ्यायचं. सगळ्या बेताचा खिळा त्या एका बोटीत ठोकलेला होता.

तर त्या शुक्रवाराचं. माझी बाजूही ऐकून घ्या. वीस वर्षं मी या वाळूत काढली आहेत. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि आठवडा उघडतो रविवारी. नाशिकहून नवा आलो तेव्हा रविवारी सकाळी बूट घालताना पायांना अपमान झाल्यासारखा वाटायचा. लहानपणीच्या रविवारचं तेल, ऊन पाणी, दुपारची झोप, सगळं त्या बुटात कोंबून मी कारखान्याच्या बसमध्ये चढायचो. दोन-तीन वर्षं पायांनी तक्रार केली, मग विसरले. मेधा इथल्या शाळेत शिकवते, तिचाही आठवडा रविवारच्या प्रार्थनेने सुरू होतो. आणि जुईचं तर काय, ती जन्मलीच इथे. तिच्यासाठी रविवार म्हणजे स्कूल बसचा हॉर्न. अशा माणसांच्या घरात शुक्रवार मोकळा राहिला तर त्यात चूक माझी, की शुक्रवारची?

पण चूक दुरुस्त केली. मेधा समोर बसून होती, हातात लाटणं नव्हतं इतकंच. शुक्रवारी स्टँडवरून निघून तीन भाऊ डोळे भरून बघत साबुदाणा बेटावर पोचायचं. शनिवारी बेटावर भटकायचं, कडे, पक्षी, मेंढ्या. रविवारी आठवडा उघडला की सकाळची पहिली बोट. मेधाने नकाशावरून चष्मा वर सरकवला.

"आता कसं माणसात आलं," ती म्हणाली. "तुमच्यावर सोडलं असतं तर बिचारी पोर त्या बेटावर जुम्म्याची वाट बघत बसली असती."

"फाइन," जुई म्हणाली. आमच्या घरात मंजुरी याच शब्दात मिळते.

मग तयारी. जुलैमध्ये आम्ही दोह्याच्या जुन्या बाजारात, सूक वाकिफमध्ये, रेनकोट घ्यायला गेलो. बाहेर ऊन असं की सावलीसुद्धा सावली शोधत होती. मसाल्यांच्या गल्लीत सुक्या लिंबांचे ढीग, वेलचीचा घमघमाट, आणि मधून मी, तीन माणसांचे रेनकोट विचारत. पहिला दुकानदार हसला. दुसऱ्याने त्याच्या भावाला हाक मारली, भावाने मेहुण्याला, आणि थोड्या वेळात अख्खी गल्ली मला बघायला जमली. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहून गेले. शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानाच्या माळ्यावरून, कुठल्याशा जुन्या हिवाळ्यातले तीन पिवळे रेनकोट निघाले. जुईने तिथेच अंगात घातला. दोन मिनिटांत आतून घामाने भिजली.

"इट वर्क्स," ती म्हणाली. "आतलं पाणी बाहेर जात नाही."

हे एक वाक्य ती मराठीत बोलली म्हणून मला आठवतं. मेधाने तिच्या गळ्याची बटणं सोडवली, आणि ती सोडवताना मेधाचे हात उगाच हळू चालत होते. मी सुक्या लिंबांकडे बघत राहिलो.

माझ्या कारखान्यातल्या स्टोअरचे गफूरभाई श्रीवर्धनचे. त्यांना हे सगळं कळलं तेव्हा त्यांनी माझ्यावर दया करावी तशी मान हलवली.

"साहेब, बोटीत बसायला विलायत? आमच्या खाडीवर या. लाँच आहे, वारा आहे, भाडं द्यायला विसरलात तरी कोणी समुद्रात टाकत नाही. बकरासुद्धा बसतो आमच्यात. तुमच्या त्या बोटीत बकरा घेतात?"

"माहीत नाही."

"मग कसली बोट? बकऱ्याला नाही म्हणणाऱ्या बोटीवर माणसाने भरवसा ठेवू नये."

पण माणूस मदतीचा. बोट लागली तर, ही मेधाची भीती. त्यावर मी तालीम काढली. उत्तर किनाऱ्याची तालीम कतारच्याच उत्तर किनाऱ्यावर करायची. गफूरभाईंनी त्यांच्या ओळखीतून मदिनत अश शमालच्या पुढच्या कोळी बंदरातला एक नाखवा ठरवला आणि एका शनिवारी पहाटे आम्ही तिघं पिवळे रेनकोट घालून, प्रवासाच्या दोन्ही बॅगा घेऊन, त्याच्या लाकडी होडीत चढलो. नाखव्याने आमच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. आभाळात ढगाचा पुंजकासुद्धा नव्हता. त्याने दोर सोडला. खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या माणसांना वेडी माणसं नवीन नसतात.

किनारा सपाट. इतका सपाट की होडी निघाली आणि किनारा मावळल्यासारखा बुडाला. डोंगर नाही, सुळका नाही. एक पांढरी रेघ, त्यावर पाण्याची एक टाकी आणि एक मशिदीचा मिनार. पाणी पारव्याच्या पंखाच्या रंगाचं, हलतंय की नाही कळू नये असं. त्या पाण्यात, जिथे कागदाची होडीसुद्धा डुलली नसती, तिथे घरच्या प्लॅनरला उलटी झाली. मी ती लपवायला समुद्राकडे तोंड करून देखावा बघत असल्यासारखं केलं. लपली नाही. मेधाने आलेपाकाची वडी पुढे केली, आणि तिने तोंडात पदर कोंबला नाही कारण तिने जीन्स घातली होती.

परतताना जुई मधल्या फळीवर बसली होती. मेधाच्या खांद्यावर डोकं टाकून.

"बाबा, तिथे विच साइड बसायचं?"

"डावीकडे," मी म्हणालो. हे मी केव्हाच काढून ठेवलं होतं. "साबुदाण्यावरून निघताना डावीकडे. डोंगर त्या बाजूला, ऊन पाठीवर येतं. कडेला मी, वारा अडवायला. मध्ये तू. पलीकडे आई."

"व्हाय मी मध्ये?"

"मधलीला दोन्हीकडून ऊब मिळते," मेधा म्हणाली.

जुईने डोळे मिटले. होडीचं इंजिन तेवढं धडधडत होतं. आज विचाराल तर आमची ती सगळी सहल तेवढ्यात होऊन गेली, त्या पारव्या पाण्यावर, पिवळ्या रेनकोटांत. पण माणूस तालमीला प्रयोग समजत नाही, हाच त्याचा मूर्खपणा.

कारण मग कॉम्प्रेसर आला. आमच्या कारखान्याचा एक मोठा कॉम्प्रेसर आहे, त्याचा मधला फिरणारा दांडा दुरुस्तीला परदेशी गेला होता. तो जूनमध्ये यायचा. जूनमध्ये तो जहाजात होता, मग दुसऱ्या जहाजात, मग कुठल्यातरी बंदरात उन्हं खात पडला होता. एका लोखंडी दांड्याने त्या उन्हाळ्यात आमच्यापेक्षा जास्त बोटी बदलल्या, जास्त बंदरं पाहिली, आणि त्याला उलटीही झाली नसणार. तो न आल्याने शटडाऊन सरकला. सरकून सरकून नेमका ऑगस्टच्या सुरुवातीवर येऊन बसला. ज्या चार्टवर तो सरकला तो चार्ट माझ्याच हातचा. शटडाऊनची निळी पट्टी मीच उचलून माझ्या सुट्टीवर ठेवली, दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं.

मॅनेजरने बोलावून सांगितलं, "ऑल लीव्ह कॅन्सल्ड. खलास. नेक्स्ट इयर, इन्शाल्ला." वाईट माणूस नव्हता. त्याच्या स्वतःच्या मुलीचं लग्न त्या पट्टीखाली चिरडलं गेलं होतं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा मी ओरडलो, हे कबूल. मी दांड्याला ओरडलो, जहाजांना ओरडलो, खताला ओरडलो, जगात ज्यांच्या ज्यांच्या शेतात युरिया पडतो त्या सगळ्यांना ओरडलो. मेधा नकाशाची घडी घालत होती. नकाशाची मूळ घडी कुणालाच जमत नाही, तिलाही जमेना.

"तुम्ही दोघी जा," मी म्हणालो. "सगळं आखून दिलंय."

"तिघांनी जायचं होतं," ती म्हणाली. "दोघींनी जायचं असतं तर मी वेगळी आखणी केली असती." आणि नकाशा तसाच वेडावाकडा दुमडून लोणच्याच्या बरणीखाली ठेवला.

शटडाऊननंतरही मला सुट्टी नव्हती, आणि तो संपणार सप्टेंबरात. तोवर मेधाची शाळा उघडलेली. बेटांवरच्या खोल्यांची आरक्षणं रद्द होत नव्हती, तारीख तेवढी पुढे ढकलता येत होती. ती ढकलून जुईच्या कॉलेजच्या आधीच्या आठवड्यावर नेली, वार तेच ठेवले. जुई एकटीने जाईन म्हणाली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, यू प्लॅन्ड इट." ज्या माणसाने आयुष्यभर चार्ट विकले त्याला स्वतःच्या चार्टवर विश्वास नाही असं कसं म्हणता येईल?

विमानतळावर मी तिला पुन्हा एकदा सगळं सांगितलं. स्टँड, वांगेवाडी, तीन भाऊ, साबुदाणा. बॅग पुढच्या चाकावर ओढायची, बोटीचा भोंगा वाजायच्या आधी धक्क्यावर उभं राहायचं, डावीकडे बसायचं. मेधा जुईच्या रेनकोटाची घडी घालत होती आणि उलगडत होती आणि पुन्हा घालत होती. आत जाताना जुईने मागे वळून हात केला. मी चष्मा पुसला. त्या मोसमात काच सारखीच पुसावी लागते, आतल्या बाजूने असो की बाहेरच्या.

आता दुसरं वर्ष संपत आलं. जुई सुट्टीत येऊन गेली. टॉवेल कुठला घेऊ असं तिने विचारलं, तेव्हा मेधा स्वयंपाकघरात जाऊन कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजत बसली. साबुदाणा बेटावर जुईला ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त काढावा लागला होता, ती गोष्ट ती आता मित्रमैत्रिणींत रंगवून सांगते. तिच्या सांगण्यात वादळ असतं, झाडं उन्मळतात, मेंढ्या उडून जातात. मी सांगतो तेव्हा त्यात देवमासाही येतो. तशी ती सुखरूप होती. जिच्याकडे उतरली होती त्या आजीबाईंनी तिला परत घरात घेतलं, शेगडीशी बसवलं, घट्ट सूप आणि ओटची भाकरी दिली. कॉलेज बुडालं नाही. मेधाने त्या आजीबाईंना नंतर भाजणीचं पीठ पाठवलं. त्याचं त्यांनी काय केलं ते कळलेलं नाही.

पण त्या सकाळी यातलं काही माहीत नव्हतं. रविवार होता, आठवड्याचा पहिला दिवस, आणि मी नेहमीसारखा कारखान्यात. दांडा बसला होता, कॉम्प्रेसर गरगरत होता, कानात बोळे घातल्याशिवाय आत उभं राहता येत नव्हतं. मी बाहेर येऊन पाइपांच्या सावलीत उभा होतो. हवा अशी की श्वास चावून घ्यावा लागत होता. बाजूला गफूरभाई. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. तिकडे साबुदाणा बेटाच्या धक्क्यावर आत्ता ती उभी असेल, आत्ता भोंगा वाजत असेल, आत्ता दोर सोडत असतील. आम्ही नाही, पण ती तरी. मधली जागा तरी भरली.

फोन वाजला. पडद्यावर तिचं नाव.

"बसलीस का?" मी ओरडलो, कॉम्प्रेसरच्या वर आवाज जावा म्हणून. "डावीकडे बसलीस ना?"

पलीकडून वारा आला. नुसता वारा, फोनमधूनसुद्धा गार. मग तिचा आवाज.

"बाबा, इथे कोणीच नाहीये."

"उशिरा येतात लोक. तू पुढे जाऊन उभी राहा."

"तिकीट विंडो बंद आहे. चहाचं दुकान बंद आहे. एक मेंढी आहे."

"मेंढी आहे म्हणजे बोट येणार," गफूरभाई माझ्या कानाशी म्हणाले. "बकरा चालत असणार तिथे."

"अगं, बोट आहे," मी अजून जोरात ओरडलो. आजूबाजूचे फिटर थांबून बघायला लागले. "मी स्वतः दहा वेळा पाहिलंय. कामाच्या दिवशी सकाळची बोट चुकत नाही. आईनेही पाहिलंय, तूही पाहिलंयस. आठवड्याच्या पहिल्याच दिवशी बोट बंद ठेवतील का? सगळं जग कामाला निघालंय. मी निघालो, आई निघाली, इथे सगळे कामावर आहेत. तू आहेस तिथेच उभी राहा, कुणालातरी शोध, विचार त्यांना, आज बोट का नाही म्हणून."

लांबवर कुठेतरी एक घंटा संथपणे वाजत होती, ती मला आधी ऐकू आली नव्हती.

"बाबा," जुई म्हणाली, "आज रविवार आहे."